मुष्टियुद्धातील बचाव : झाकणारा हात

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मारणारा हात येतो. वर्तमानपत्रातील छायाचित्रही नेमके ठोसा बसला त्या क्षणाचे असते. त्याच छायाचित्रात दुसरा एक हात असतो. तो हनुवटीशी, गालाशी किंवा बरगडीशी चिकटलेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः तीन मिनिटांच्या फेरीत मारणाऱ्या हातापेक्षा या झाकणाऱ्या हातालाच अधिक वेळ राबावे लागते. प्रस्तुत लेखात मी त्याच्याविषयी लिहिणार आहे. मुष्टियुद्ध आणि अलीकडे मोबाइलवर घरोघर पाहिले जाणारे 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' (यापुढे मी त्याला मिश्र युद्धकला म्हणेन) या दोहोंत अंग झाकण्याच्या पद्धती कशा आहेत, त्या तशा का झाल्या आणि एकीची नक्कल दुसरीत केली तर काय होते, एवढाच माझा विषय.

या विषयात मी अधिकारी व्यक्ती नाही, हे प्राध्यापक मंडळींना सांगायला नकोच. मी इतिहास आणि मराठी घेऊन द्वितीय वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून महाविद्यालयाच्या जिमखान्यात बॉक्सिंग शिकते. गिरडला आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी एकदम दोन नव्या गोष्टी सांगाव्या लागल्या. बाबांना पहिलीचे कौतुक वाटले, दुसरीवर ते काहीच बोलले नाहीत. माय एवढेच म्हणाली, "डोळे सांभाळजो, बाई." तिला मुष्टियुद्धातले काही कळत नाही. पण सरांनी पहिल्या महिन्यात जे शिकवले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

सरांची एक कसोटी आहे. शिकणाऱ्याने दोन्ही हातांनी डोके झाकून उभे राहायचे. जोडीदार हलके ठोसे त्या झाकणावर मारत राहतो. जोडीदाराच्या खांद्यामागे उभे राहून सर हाताची बोटे दाखवतात आणि विचारतात, "किती?" पहिल्या दिवशी आमच्या वर्गातील एकालाही सांगता आले नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. झाकले म्हणजे आपण सुरक्षित झालो असे शरीराला वाटते आणि ते डोळे मिटून घेते. सरांच्या मते सगळा घात तिथेच होतो, कारण न दिसणारा ठोसा दिसणाऱ्या ठोशापेक्षा वाईट. ठोसा येताना दिसला तर मान आपोआप आवळली जाते, हनुवटी खाली जाते आणि डोके कमी हलते.

आता झाकण्याच्या पद्धतीकडे वळू. इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे सुरुवात जरा मागून करते.

आपल्या महाराष्ट्रात आखाड्यातून खेळल्या जाणाऱ्या फरी-गदक्यात झाकण्याचे काम सरळ एका वस्तूकडे दिलेले आहे. एका हातात कातडे मढवलेली काठी, म्हणजे गदका, आणि दुसऱ्या हातात लहानशी गोल कातडी ढाल, म्हणजे फरी. फरी इतकी लहान असते की तिच्यामागे कोणालाही लपता येत नाही, आणि तिचे सगळे शिक्षण या लहानपणातच आहे. डोक्यावर येणारा 'शीर' असो की गालाच्या बाजूने येणारा 'तमाचा', फरीला वार येईल तिथे जावे लागते. ती एका जागी धरून ठेवणारा खेळाडू पहिल्याच हुलीला फसतो. आमच्या विदर्भात या खेळांची मोठी परंपरा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जोपासली. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दांडपट्ट्याला महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यशस्त्राचा मान दिला. बिचाऱ्या फरीची आठवण कोणाला होईल तेव्हा होवो!

मुष्टियुद्धात फरी नाही. तिथे हातानेच मारायचे आणि हातानेच झाकायचे. पण हातावर काय घातले आहे यावर झाकण्याची रीत ठरते, आणि या लेखातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात उघड्या मुठींनी लढती होत. जॅक ब्रॉटनने १७४३ साली नियम केले तेही या उघड्या मुठींच्या लढतींसाठीच. त्या काळच्या लढवय्यांची चित्रे पाहिली तर ते दोन्ही हात पुढे लांब धरून, अंग मागे झुकवून उभे असतात. आज पाहताना ते विनोदी वाटते. पण विचार केला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. उघड्या मुठीमागे तोंड लपणार कसे? मूठ चार बोटे रुंद. तेव्हा ठोसा तोंडापर्यंत येण्याच्या आतच, दूरवर, मनगटाने बाजूला सारणे हाच शहाणपणा होता. डॅनियल मेंडोझा हा आकाराने लहान असलेला लढवय्या याच कौशल्यावर नावारूपाला आला आणि १७८९ साली त्याने या विद्येवर पुस्तकही लिहिले. पुढे १८६७ साली क्वीन्सबेरीचे नियम आले, हातमोजे सक्तीचे झाले आणि हळूहळू हात जवळ आले. कारण आता हातमोजा ही एक छोटी उशीच झाली होती, आणि उशीमागे तोंड लपवता येते.

आज जिमखान्यात प्रथम शिकवतात ते 'उंच गार्ड' हे याच उशीचे अपत्य. दोन्ही हातमोजे गालाच्या हाडांशी, हनुवटी छातीकडे, कोपरे बरगड्यांना टेकलेली. बाजूने ठोसा आला की हात किंचित वर सरकवून कानावर घ्यायचा, टेलिफोन कानाला लावावा तसा. मराठीत कानावर हात ठेवणारा माणूस जबाबदारी झटकत असतो. इथे मात्र ज्याने वेळेवर कानावर हात ठेवला तोच जबाबदार! यात एक बारकावा आहे. हातमोजा डोक्याला घट्ट टेकलेला हवा. मध्ये दोन बोटांचे अंतर राहिले तर समोरच्याचा ठोसा आपलाच हातमोजा आपल्याच तोंडावर आणून आपटतो. हे मी ऐकीव सांगत नाही, नाकाला विचारून सांगते.

पोटासाठी नियम असा की हात खाली आणायचा नाही, कोपर खाली आणायचे. म्हणजे गुडघे वाकवून आणि कंबरेत थोडे दुमडून सगळे अंगच कोपराखाली न्यायचे. उजव्या बरगडीखाली यकृत आहे. तिथे नीट बसलेला ठोसा माणसाला शुद्धीवर ठेवून खाली बसवतो. पाय ऐकत नाहीत. म्हणून उजवे कोपर हलवताना फार विचार करावा लागतो. नवशिक्याचा हात पोटाकडे गेला रे गेला की पुढचा ठोसा मोकळ्या झालेल्या जबड्यावर येतो. फरीला जशी हूल देतात तशीच ही हूल.

याहून वेगळ्या रीतीही आहेत. कस डामाटो या अमेरिकन गुरूने दोन्ही हातमोजे तोंडासमोर धरून सतत डोके हलवत पुढे जाण्याची पद्धत शिकवली. त्याचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली आणि दुसरा शिष्य माइक टायसन १९८६ साली अतिशय तरुण वयात वजनदार गटाचे विजेते झाले. आर्ची मूर दोन्ही हात छातीपुढे आडवे घेत असे, आपण थंडीत घडी घालतो तसे. जॉर्ज फोरमनने १९९४ साली वयाच्या ४५ व्या वर्षी पुन्हा विजेतेपद मिळवले तेव्हा त्याचेही झाकणे याच आडव्या हातांचे होते. फ्लॉइड मेवेदर पुढचा हात कंबरेशी सोडून खांद्याच्या उंचवट्याने ठोसे घसरवून देई. व्यावसायिक ५० लढतींत तो हरला नाही. पण सर म्हणतात, "ते पाहायचं, करायचं नाही." ज्याची नजर तशी नाही त्याने हात खाली सोडला तर तो बचाव राहत नाही, निमंत्रण होते.

आता मुद्दा येतो तो असा. या साऱ्या रीती मोठ्या हातमोज्यांवर उभ्या आहेत. हौशी मुष्टियुद्धात मुलींचे हातमोजे १० औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ग्रॅमचे असतात. मिश्र युद्धकलेतील हातमोजे साधारण ४ औंसांचे, सुमारे ११३ ग्रॅमचे, आणि बोटे उघडी, कारण तिथे पकड घ्यायची असते. उशी गेली, पातळ चादर राहिली. उंच गार्ड जशाच्या तशा तिथे नेला तर दोन हातांच्या मधून आणि बाजूने मूठ सहज आत शिरते.

हे मी पुस्तकी बोलत नाही. गेल्या दिवाळीत माझा सोळा वर्षांचा मावसभाऊ आणि त्याचा मित्र खळ्यावर असे पातळ हातमोजे घालून खेळत होते. दोघांनीही मोबाइलवर लढती पाहिल्या होत्या, आणि उंच गार्ड कसा धरायचा हे मुष्टियुद्धाच्या चित्रफितीत पाहिले होते. भावाने हात अगदी चित्रात दाखवल्याप्रमाणे धरले होते. ठोसा त्याच्या मनगट आणि गालाच्या मधून कानामागे लागला. तो पडला, उठला, हसला. रात्री दोनदा ओकला आणि मावशीला "आज वार कोणता" असे तीनदा विचारले. दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या दवाखान्यात नेले. तो आता बरा आहे. डॉक्टरांनी काही आठवडे खेळ बंद ठेवायला सांगितला होता, तो त्याने चार दिवस पाळला. हा लेख मी लिहायला घेतला तो तेव्हापासून डोक्यात आहे.

मग मिश्र युद्धकलेत झाकायचे कसे? तिथे हाताचे काम कोपर करते. तळहात केसांवरून मागे नेऊन कोपर समोर काढायचे, म्हणजे कपाळापुढे हाडाचे टोक येते आणि पुढचा हात गालावर भिंतीसारखा उभा राहतो. ही रीत मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. मार्गशीर्षात आमच्याकडे तूर डोक्याच्या वर जाते. तिच्या दाट ओळींतून चालताना फांद्या तोंडावर येतात तेव्हा कोणीही तळहात पुढे करत नाही. कोपर पुढे येते, हात कपाळाला टेकतो आणि नजर त्याखालून वाट पाहत राहते. शेतातल्या बाया हे कोणाकडून शिकल्या? शिवाय कोपरावर बसलेला ठोसा मारणाऱ्याच्याच बोटांना महागात पडतो. पातळ हातमोज्यात हाडाशी हाड भिडते, हा या झाकण्याचा आणखी एक फायदा.

पण तिथे हातांनी डोके झाकून भागत नाही. दोन्ही हात वर गेले की पाय मोकळे. समोरचा कमरेखाली शिरून उचलून टाकतो. लाथ आहे, गुडघा आहे. म्हणून मिश्र युद्धकलेतील खेळाडू मुष्टियोद्ध्यापेक्षा दूर उभा राहतो आणि एक हात बहुधा लांब ठेवतो. त्या जुन्या उघड्या मुठीच्या लढवय्यासारखा! हातमोजा लहान झाला आणि हात पुन्हा लांब गेले, याची मला मोठी गंमत वाटते.

कुस्तीगिराला इथे एक जास्तीचे झाकण शिकावे लागते, मानेचे. २०१२ साली मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडील अनेक कुस्तीगीर या खेळाकडे वळले. भरत खंडारे हा त्यांतलाच. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे यूएफसीच्या रिंगणात उतरला तेव्हा तिथे लढणारा तो पहिला भारतीय ठरला. चीनच्या साँग यादाँगने पहिल्याच फेरीत समोरून त्याची मान काखेत आवळून त्याला हार मानायला लावली. हा डाव बहुधा केव्हा बसतो? पायांत शिरणाऱ्याची मान बाहेर राहिली म्हणजे. मातीत चीत होण्यासाठी पाठ टेकावी लागते, त्यामुळे पठ्ठे पाठ जपायला शिकतात. इथे गळा जपायचा असतो. गळा आवळण्याची मोकळीक आपल्या कुस्तीत नाही, तेव्हा ते झाकण आखाड्यात घडणार कुठून?

आता नियमांकडे वळते. हौशी मुष्टियुद्धात हातमोज्यावर किंवा दंडावर बसलेल्या ठोशाला गुण नाहीत. मग सगळा वेळ झाकूनच का राहू नये, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. सरांनी उत्तर न देता नियमावली पुढे ठेवली. आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेच्या नियमांत चुकांची जी यादी होती, कमरेखाली मारणे, डोक्याने मारणे, मानेच्या मागे मारणे वगैरे, त्याच यादीत दोन्ही हातांनी झाकून नुसते निष्क्रिय उभे राहणे हीदेखील चूक म्हणून दिलेली होती. मी ते वाक्य दोनदा वाचले. स्वतःला झाकणे हा अपराध! मिश्र युद्धकलेतही तेच, निराळ्या शब्दांत. खाली पडलेला खेळाडू नुसते डोके झाकून मार खात असेल, सुटण्याची हालचाल करत नसेल, तर पंच लढत थांबवतो. तिथे तो शिक्षा म्हणून नव्हे, दया म्हणून थांबवतो. पण दोन्हींमागचा समज एकच दिसतो. झाकलेल्या माणसाचे पाय चालू आहेत का, तो काही परत करतो आहे का, हे पंच पाहतो.

याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासा येथील लढत. मुहम्मद अली दोरांना टेकून उभा राहिला, अंग मागे झुकवले, हात वर घेतले आणि फोरमनला मारू दिले. आठव्या फेरीत थकलेला फोरमन खाली पडला. सांगणारे नेहमी एवढेच सांगतात. मी ती चित्रफीत तीनदा पाहिली, तेव्हा दिसले ते निराळे. अली झाकता झाकता मधूनच सरळ ठोसे देत होता, सारखा बोलत होता आणि मागे झुकल्यामुळे डोक्यावरचे कितीतरी ठोसे अपुरे पडत होते. शेवटचा ठोसा बसण्यापूर्वीच तिन्ही पंचांच्या कागदावर अली पुढे होता. म्हणजे ते झाकणे निष्क्रिय मुळीच नव्हते.

मात्र त्या लढतीविषयी लिहिताना पुढचेही लिहिले पाहिजे. १९८४ साली अलीला पार्किन्सन्सचा विकार असल्याचे निदान झाले. त्याच्या आजाराचे खापर एका लढतीवर किंवा सर्वस्वी ठोशांवरच फोडणे बरोबर होणार नाही. पण डोक्यावर वारंवार मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांना पुढे काय होते हे अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. झाकण ठोसा अडवते, धक्का पूर्णपणे अडवत नाही. मडक्याला गोणपाट गुंडाळले तर मडके फुटणार नाही, पण आतले ताक हिंदकळायचे ते हिंदकळणारच. हातमोज्यांचेही तेच. ते मारणाऱ्याची बोटे वाचवतात, म्हणून तो अधिक जोराने आणि अधिक वेळा डोक्यावर मारू शकतो. उघड्या मुठीने कोणी कवटीवर तितक्या निर्धास्तपणे मारणार नाही.

शिरस्त्राणाची कथाही अशीच गुंतागुंतीची आहे. ऑलिंपिकमध्ये ते १९८४ साली आले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रौढ पुरुषांच्या डोक्यावरून ते काढले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले. कारण असे दिले गेले की शिरस्त्राणाने कातडी वाचते, मेंदूचा धक्का वाचत नाही, उलट खेळाडू निर्धास्त होऊन डोके पुढे करतो. हे खरे मानले तर बायकांच्या डोक्यावर ते का ठेवले? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही महिला खेळाडू शिरस्त्राण घालूनच लढल्या. आमची डोकी वेगळ्या मातीची आहेत की काय? नियम करणाऱ्यांकडे एखादे शास्त्रीय कारण असेलही. मला मात्र माय आणि नियम करणारे यांत फारसा फरक वाटत नाही, दोघांनाही मुलीच्या तोंडावर वळ नको आहे. मायचा मी राग करत नाही, कारण तिने निदान डोळ्यांचे नाव घेतले.

शिरस्त्राण घालून लढताना मला जाणवलेली गोष्ट अशी की गालाजवळच्या गाद्यांमुळे बाजूचे कमी दिसते. बाजूने येणारा ठोसा दिसण्याआधी ऐकू येतो म्हटले तरी चालेल. म्हणून मी हात कानावर थोडा आधीच नेऊ लागले आहे, आणि समोरच्या मुलीच्या डोळ्यांपेक्षा तिच्या छातीकडे पाहते. खांदा आधी हलतो. हे बरोबर की चूक याविषयी आमच्या जिमखान्यात दोन पक्ष आहेत.

नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमधील किएल्त्से येथे ८१ किलोवरील गटात युवा विश्वविजेती झाली. त्या स्पर्धेत भारताने आठ सुवर्णपदके मिळवली, त्यांतील सात मुलींची. नागपूर आमच्यापासून एसटीने फार लांब नाही. घरी मी तिचे नाव सांगते, तिचे छायाचित्रही दाखवले आहे. बाबांनी ते पाहून विचारले की हिच्या तोंडावर ते मोजे कशाला आहेत. मी सांगितले की ते तोंडावर नाहीत, तोंडापुढे आहेत, आणि दोघांतल्या अंतरावरच एक लेख लिहिते आहे.

मावसभावाला मी सध्या कोपराचे झाकणे शिकवते, दर रविवारी टेकडीवर धावून आल्यानंतर. ठोसे मी मारते, मोठे हातमोजे घालून, अर्ध्या जोराने आणि फक्त हातांवर. डोक्यावर मारायचे नाही असे मावशीला कबूल केले आहे. त्याचा मित्र मागे उभा राहून बोटे दाखवतो. परवा त्याने दहापैकी सहा वेळा बरोबर सांगितले. उरलेल्या चार वेळा त्याने अंदाजाने "तीन" म्हटले.